शेवटच्या रांगेतला भार

“तुमच्या कार्यक्रमात लोक किती वेळा हसतात?”

भर दुपारी, रिकाम्या नाट्यगृहात, बाल्कनीखाली लावलेल्या शिडीवरून हा प्रश्न खाली आला. विचारणाऱ्या होत्या डॉक्टर शाहीन मुजावर, आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या प्राध्यापक. माणसांच्या नव्हे, लोखंडाच्या डॉक्टर.

मी घसा साफ केला. इतक्या वर्षांत मुलाखतकारांनी मला ‘विनोद कसा सुचतो’ यापलीकडे काही विचारलं नव्हतं.

“त्याचं असं आहे,” मी म्हणालो, “खऱ्या विनोदाचं मोजमाप हशांनी करू नये. खरा विनोद माणसाला आतून...”

“मला मोजमापच करायचंय,” त्या म्हणाल्या. “किती वेळा? आणि त्यातल्या किती वेळा बाल्कनी पाय आपटते?”

खाली शिडी धरून नाट्यगृहाचे व्यवस्थापक आप्पा कुरुंदवाडे उभे होते. ते अभिमानाने म्हणाले, “म्याडम, नानांच्या कार्यक्रमात हशा मोजायचं कामच न्हाई. सुरू झाला की थांबतच न्हाई.”

“टेपवर मला बऱ्याच शांत जागा आढळल्या,” मुजावरबाई म्हणाल्या आणि पुन्हा तुळईकडे वळल्या.

आमची ओळख झाली ती अशी.

गावाचं नाव सांगत नाही. नाट्यगृहाचे विश्वस्त अजून हयात आहेत आणि चष्मा लावून का होईना, वाचतात. कृष्णाकाठचं गाव आहे आणि तिखट चुरमुऱ्यांचं भडंग चांगलं मिळतं, एवढं पुरे. या भडंगाचा कथेशी संबंध आहे. आमच्याकडे बाल्कनीतला प्रेक्षक एका हातात पुडा धरतो आणि दुसऱ्या हाताने खातो. त्याने टाळी वाजवायची ठरवली तर ती शेजाऱ्याच्या पाठीवर वाजवावी लागेल. म्हणून आमची बाल्कनी टाळ्या वाजवत नाही, पाय आपटते. आवडलं तर एकदा. फार आवडलं तर सगळे मिळून, तालात. बाहेरगावच्या नाटक कंपन्या या प्रकाराला घाबरत. मी त्यावर जगत होतो. ‘पुढच्या खिडकीवर’ नावाचा माझा एकपात्री कार्यक्रम तेव्हा जोरात होता. सरकारी कचेऱ्यांची टिंगल होती आणि मी स्वतः सरकारी नोकरीत, त्यामुळे विषय संपण्याची भीती नव्हती. येत्या रविवारी दुपारी त्याचा पाचशेवा प्रयोग, तोही माझ्याच गावात, याच नाट्यगृहात व्हायचा होता.

त्याआधी काही महिने, तहसीलदाराच्या गोष्टीला बाल्कनीने असे काही पाय आपटले की खालचा गिलावा सुटला आणि उशिरा आल्यामुळे मागे बसलेल्या एका सन्माननीय पाहुण्यांच्या मांडीवर पडला. मी ती दाद समजलो. पाहुण्यांनी वेगळा अर्थ काढला. विश्वस्तांनी कॉलेजला कळवलं आणि कॉलेजने मुजावरबाईंना पाठवलं.

गिलाव्यामागे लोखंडी तुळई निघाली. कोणे एके काळी बाल्कनीत मागे दोन रांगा वाढवल्या होत्या, त्यांच्यासाठी जुन्या तुळईला नवे तुकडे वेल्डिंगने जोडले होते. त्यातल्या कोपऱ्यातल्या जोडाशी एक भेग होती. मला शिडीवर चढवून बाईंनी ती दाखवली. पेन्सिलीने ओढलेल्या रेघेसारखी बारीक.

“एवढीशीच?” मी म्हणालो.

“तार कधी तोडलीय का तुम्ही? ओढून तुटत नाही. इकडून तिकडे, इकडून तिकडे वाकवत बसलं की तुटते.” त्यांनी बोट भेगेच्या टोकावर ठेवलं. “प्रत्येक वेळी पाय आपटले की ही जरा उघडते आणि मिटते. मिटते तेव्हा आधीपेक्षा किंचित लांब झालेली असते.”

“म्हणजे गेली कित्येक वर्षं मी...”

“एकटे तुम्ही नाही. ऑर्केस्ट्राही होतात इथे. पण तुमचे प्रयोग जास्त.”

माझ्या लेखनाचा समाजावर ठोस परिणाम होतो, हे पुराव्यानिशी कुणी सांगण्याची ती पहिलीच वेळ होती. पण बाईंच्या चेहऱ्यावर अभिनंदन दिसेना.

गेल्या दोन प्रयोगांना त्यांनी भेगेजवळ नखाएवढी एक पट्टी चिकटवली होती. लोखंडाला ताण बसला की पट्टीला कळतं, पट्टीकडून वायरीला, वायरीकडून यंत्राला. बरोबर टेपही लावला होता, म्हणजे कोणत्या वाक्याला किती भार आला ते जुळवता यावं.

“रविवारी बाल्कनी बंद ठेवा,” शिडीवरून उतरून त्या म्हणाल्या.

आप्पांनी शिडी सोडली. “काय बोलालाय म्याडम! तिकिटं गेल्यात समदी. बाल्कनी तर पहिल्या दिवशीच गेली.”

“विश्वस्तांना मी सांगितलंय.”

“आन् ते काय म्हणाले?”

“कलावंत म्हणतील तसं.”

आमच्या विश्वस्तांनी आयुष्यात कलावंताचं एवढंच ऐकलं. दोघेही माझ्याकडे बघू लागले. मी छताकडे बघितलं.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. खालचे प्रेक्षक हसत नाहीत. पुढच्या रांगांत पाहुणे, त्यांच्या पत्नी, देणगीदार आणि निमंत्रित अधिकारी. हसू आलं तर ते आधी साहेबांकडे बघतात आणि साहेब घड्याळाकडे. हसू यायचं ते वरून, बाल्कनीतून, आणि मग जिन्यावरून पाणी उतरावं तसं खाली. बाल्कनीशिवाय माझा पाचशेवा प्रयोग म्हणजे माझीच शोकसभा, आणि तीही मीच दोन तास उभा राहून घ्यायची.

“कॉलेजात या,” मुजावरबाई म्हणाल्या. “बघा आणि मग काय ते ठरवा.”

घरी येऊन मी हे सगळं प्रमिलाला सांगितलं. आमची ही गवार मोडत होती. माझा प्रत्येक नवा विनोद मी आधी तिला ऐकवतो. ती पूर्ण ऐकते आणि म्हणते, “हं.” हसत नाही, नाकही मुरडत नाही. कार्यक्रमाचा पहिला प्रयोग तिने पाहिला. त्यानंतर म्हणाली, “घरी ऐकायचं, तिथे जाऊन तेच ऐकायचं. तेच तेच किती ऐकू?” तेव्हापासून गावात प्रयोग असला की ती शालूकडे, म्हणजे तिच्या मैत्रिणीकडे जाते. शालूचं घर नाट्यगृहाच्या मागच्या गल्लीत. जाताना आमची रिक्षा एकच. मी नाट्यगृहापाशी उतरतो, ती पुढे जाते. संसारात एवढा समंजसपणा पुष्कळ झाला, असं मी मानत आलो होतो.

“बाल्कनी बंद?” तिने हातातली शेंग ठेवली. “मग हसणार कोण?”

“तेच तर म्हणतोय मी!”

“सगळीच कशाला बंद करायची? मागचा एखादा कोपरा तरी...”

“भेग मागच्या कोपऱ्यातच आहे.”

“हं,” ती म्हणाली. मग बराच वेळ शेंगा मोडत राहिली. शेवटी म्हणाली, “त्या बाई शिकलेल्या आहेत. त्यांचं ऐका. नाही तर नका ऐकू. मला काय, मी शालूकडे.”

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात गेलो. त्या काळी कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जावं लागे. आत गारवा होता, उदबत्तीची तेवढी उणीव होती.

पडद्यावर आमच्या नाट्यगृहाची तुळई होती. बाईंनी तिचे हजारो त्रिकोण केले होते, कोळ्याने विणावेत तसे. लांबवर मोठे मोठे, भेगेजवळ येता येता बारीक, आणि भेगेच्या टोकाशी तर इतके दाट की नुसता काळा ठिपका दिसावा.

“आता यात तुमचा एक प्रयोग घालते,” त्या म्हणाल्या. “पट्टीने नोंदवलेला प्रत्येक भार हा कॉम्प्युटर एकामागून एक तुळईला लावून बघतो. भेग किती पुढे जाईल, कुठल्या दिशेने वळेल, ते काढतो. भेग सरकली की तिथली जाळी उसवायची, पुन्हा विणायची, पुढचा भार लावायचा.”

“म्हणजे हा माझा अख्खा कार्यक्रम ऐकतो?”

“ऐकतो.”

“आणि विनोद?”

“ते त्याला कळत नाहीत. वजन कळतं.”

असे परीक्षक मला नवे नव्हते.

त्यांनी दुसरी खिडकी उघडली. एक लांबलचक आडवी रेघ, मध्ये मध्ये उंच शिखरं. बाई पेन्सिलीने दाखवत गेल्या. चेहरा असा, की वर्गात हजेरी घेतायत. “हा शिक्क्याचा विनोद. हा तुमचा साहेब जेवायला गेलेत तो. हा तहसीलदार. सगळ्यात वाईट.”

“तो सगळ्यात चांगला आहे.”

“तुळईच्या दृष्टीने बोलतेय मी.”

पुढे एक भलामोठा सपाट भाग आला. मी म्हणालो, “इथे यंत्र बंद पडलं होतं वाटतं.”

“नाही. चालू होतं. हे तुमचं शेवटाकडचं, माणसाच्या एकटेपणाबद्दलचं.”

त्या भागाला समीक्षकांनी ‘अंतर्मुख करणारा’ म्हटलं होतं. “तिथे लोक स्तब्ध होतात,” मी म्हणालो.

“स्तब्ध नाहीत. ही बारीक थरथर दिसते ना? पुड्याच्या तळाचं भडंग खातात. झटकून.” त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. “मीही खाल्लंय. लहानपणी अब्बांबरोबर त्याच बाल्कनीत बसायचे मी. पायही आपटलेत. तेव्हा हे मोजायचं असतं हे माहीत नव्हतं.”

मग त्यांनी मला भेग चालवून दाखवली. निळ्या तुळईत टोकाशी एक लाल थेंब. शिखरामागून शिखर येत होतं आणि थेंब पुढे सरकत होता. मुंगीच्या पावलांनी. नंतर झुरळाच्या. आणि मग एका जागी, काही कळायच्या आत, भेग सरळ तुळईच्या पलीकडच्या काठापर्यंत गेली. पडद्यावर तिचा आवाज आला नाही, म्हणून जास्तच वाईट वाटलं.

“एका लांबीपर्यंत ती तुमच्या हशांची वाट बघते,” बाई म्हणाल्या. “त्यापुढे बघत नाही. आणि पाचशेव्या प्रयोगाला लोक नेहमीपेक्षा जोरात पाय आपटतील.”

“अशी आशा आहे.”

“मी त्याला भीती म्हणते. भार तोच.”

“पण रविवारी पडेलच, असं?”

“तसं मी म्हणणार नाही. वेल्डिंग करणाऱ्याने आत काय ठेवलंय ते मला दिसत नाही. रविवारी जाईल, किंवा आणखी बऱ्याच प्रयोगांनी जाईल.”

“म्हणजे रविवारी पडणारही नाही.”

“नाहीही पडणार.”

बुडत्याला काडी सापडते, मला ‘नाहीही’ सापडलं. मी म्हणालो, “तहसीलदार गाळतो.”

“गाळून बघितला. फरक पडतो, पुरेसा नाही.”

“शिक्काही गाळतो.”

“सगळे विनोद गाळून फक्त एकटेपणा ठेवला,” बाई शांतपणे म्हणाल्या, “तर बाल्कनी आपल्या नातवंडांनाही पुरेल. तेही चालवून बघितलंय.”

मी उठलो. शाल, श्रीफळ, बाल्कनीचा गडगडाट, हे सगळं डोळ्यांपुढे होतं. विचार करून कळवतो, असं म्हणणार होतो. सरकारी नोकरीत ही भाषा अंगवळणी पडलेली असते.

“बसा जरा,” बाई म्हणाल्या. “एक गोष्ट मला सुटत नाही. तुम्हाला माहीत असेल तर सांगा.”

त्यांनी रेघ मोठी केली. प्रत्येक शिखराच्या किंचित आधी एक छोटंसं टोक होतं. काट्यासारखं.

“हे आधी मी यंत्राचा दोष समजले. दुसऱ्या प्रयोगाला वायर बदलली. तरी आहे. भेगेच्या बरोबर वर, शेवटच्या रांगेत कोपऱ्यातली जी खुर्ची आहे, तिथून येतंय. कुणीतरी टाच आपटतं. एकदाच. आणि त्यानंतर सगळे हसतात.”

“कुणी रसिक असेल.”

“रसिक विनोद झाल्यावर हसतो. हे आधी आहे. टेपशी जुळवलंय मी. तुम्ही शेवटचा शब्द उच्चारायच्या आत टाच पडते. तिथे बसलेल्या माणसाला तुमचा अख्खा कार्यक्रम पाठ आहे.”

“दारावरचा माणूस असेल,” मी म्हणालो. “त्याला सगळ्यांचेच कार्यक्रम पाठ असतात.”

“तो बाहेर बसतो. आणि हे बघा.” रेघ पुढे सरकली. “इथे तुमचा तलाठ्याचा विनोद पडला. कुणी हसलं नाही. पण टाच आहे. मग थोडं थांबून पुन्हा टाच. मग पुन्हा.” बाई जरा घुटमळल्या. “जणू लोकांना सांगतंय कुणी, हसा ना म्हणून.”

तलाठ्याचा विनोद त्या दिवशी खरोखरच पडला होता. मला तो खड्डा आठवत होता. आणि तिसऱ्या-चौथ्या क्षणाला बाल्कनीच्या मागून कुठून तरी हसण्याची एक बारीक लहर आली होती, तिच्यावर पाय ठेवून मी पलीकडे गेलो होतो, तेही आठवलं.

“दोन्ही प्रयोगांना?” मी विचारलं.

“दोन्ही. दुसऱ्यात तर एक नवीन विनोद आहे, पहिल्यात नव्हता. तिथेही आधीच टाच.” त्यांनी टेप लावला.

माझाच आवाज आला. ‘आमच्या कचेरीत एक तक्रारपेटी आहे. कुलूपबंद. तिची किल्ली कुणाकडे असते ते कुणालाच ठाऊक नाही. अखेर मी तशी रीतसर तक्रार लिहिली, आणि...’

ठक.

‘... पेटीत टाकली.’

मग हशा.

“पुन्हा लावा,” मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा लावला.

तो विनोद मला प्रयोगाच्या आदल्या संध्याकाळी सुचला होता. कागदावरही उतरवला नव्हता. कुठल्याही प्रयोगात आला नव्हता, कुठे छापला नव्हता. त्या दुपारी नाट्यगृहात पडदा वर गेला तेव्हा तो विनोद जगात दोनच माणसांना माहीत होता. एक मी. आणि दुसरं माणूस आदल्या संध्याकाळी माझ्यासमोर बसून लसूण सोलत होतं, आणि ऐकून “हं” म्हणालं होतं.

मी पडद्यावरच्या त्या काट्याकडे बघत बसलो. त्याच्या खाली, बरोबर खाली, लाल थेंब होता.

“कळलं का, कोण ते?” बाईंनी विचारलं.

“बाल्कनी बंद,” मी म्हणालो.

“काय?”

“रविवारी बाल्कनी बंद. कुलूप लावा. जिन्यालाही लावा. आज, आत्ताच लावायला सांगा.”

मुजावरबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. मला वाटतं, त्यांच्या गणिताचा इतक्या लवकर कुणावर परिणाम झाला नसावा.

आप्पा ऐकून मटकन खुर्चीत बसले. “नाना, कारण काय सांगू लोकांस्नी?”

“सांगा, नानांना कॉम्प्युटर पटला.”

“तुमास्नी? काल तर तुमी त्या वायरीच्या मशीनची नक्कल करून दावालता!”

“ती कार्यक्रमात घालणार आहे.”

“आन् बाल्कनीवाली बसवायची कुठं? तिकिटं घेतल्यात, भडंग बांधून येणार ती.”

“रंगमंचावर बसवा. सतरंज्या टाका. उरलेले मधल्या वाटेत, पुढच्या रांगेच्या पुढ्यात.”

“मग तुमी कुठं उभारणार?”

“मध्ये. जागा उरली तर.”

रविवारी सकाळी मी प्रमिलाला म्हणालो, “आज पाचशेवा आहे. येतेस?”

“छे,” ती म्हणाली. “शालूने थालीपीठ करायचं ठरवलंय.”

रिक्षा नेहमीसारखी नाट्यगृहापाशी थांबली. मी उतरलो, ती पुढे गेली. मी मागे वळून पाहिलं नाही. इतकी वर्षं मी कधीच वळून पाहिलं नव्हतं, त्यामुळे ते अवघड गेलं नाही.

पडदा वर गेला. माझ्या भोवती सतरंज्यांवर बाल्कनी बसली होती. इतक्या जवळून मी तिला कधी पाहिलं नव्हतं. ती कावरीबावरी झालेली. लोकांच्या नजरेसमोर पाय आपटायला संकोच वाटतो, आणि भडंग खायलाही. समोरच्या रांगांतले अधिकारी, आपल्या पुढ्यात बसलेल्या जनतेच्या डोक्यावरून, माझ्याकडे बघत होते. वरती बाल्कनी अंधारी, रिकामी. एक शब्द न बोलताच मला घाम फुटला.

पहिला विनोद सुरू केला. शिक्क्याचा. बोलता बोलता मी कान प्रेक्षागृहाच्या मागच्या टोकाला लावले. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या प्रयोगात दुसऱ्या कुणाला तरी ऐकत होतो.

शेवटचं वाक्य आलं. शेवटचा शब्द उरला.

ठक.

मागून, दारालगतच्या खांबाआडून. शहाबादी फरशीवर टाच पडली होती. फार मोठा आवाज नव्हता तो. पण मी त्या ठोक्याच्या मागोमाग शेवटचा शब्द ठेवला, आणि खांबाकडून हसू निघालं, मधल्या वाटेने पुढे आलं, सतरंज्यांवर चढलं, आणि बाल्कनी, माझी बाल्कनी, मांडी घालून बसल्या बसल्या टाचा आपटू लागली. पुढच्या रांगेतले साहेब घड्याळ बघायचं विसरले. तहसीलदाराच्या वेळी तर तेही... पण ते निवृत्त झाले आहेत, सोडून देऊ.

तलाठ्याचा विनोद मी मुद्दाम ठेवला होता. तो पुन्हा पडला. ठक, आलं मागून. थोडं थांबून पुन्हा ठक. मी काही न बोलता उभा राहिलो आणि तिसऱ्या ठकाची वाट बघितली. लोकांना वाटलं नाना वाक्य विसरले. या वयात कुणाकुणाचं होतं तसं.

बाल्कनी पडली नाही. रिकामी बाल्कनी कशाला पडेल? पण गावाला हे पटत नाही. पुढे कित्येक दिवस मला पानाच्या दुकानापासून पोस्टापर्यंत एकच प्रश्न. “काय नाना, बाल्कनी कधी पाडताय?” एका वर्तमानपत्राने ‘भेगेची भीती की प्रसिद्धीची हौस?’ असा मथळा दिला. बाईंना कॉलेजात काय ऐकावं लागलं, ते त्यांनी सांगितलं नाही.

तुळई कापून काढली तेव्हा मुजावरबाईंनी मला बोलावून घेतलं. वेल्डिंगच्या पोटात हवेचा एक फुगा निघाला होता, शेंगदाण्याएवढा. भेग त्याच्यातून आरपार गेली होती. बाहेरून दिसत होती त्याहून आत कितीतरी जास्त.

“कॉम्प्युटरच्याही पुढे गेलीय,” त्या म्हणाल्या. चेहरा उतरलेला होता. “एकच प्रयोग बास होता हिला. माझं गणित कमी पडलं.”

“बाई,” मी म्हणालो, “मी तुमचा फार आभारी आहे.”

“कशाबद्दल? पडली तर नाहीच.”

“त्याबद्दलच.”

त्या तुकड्यावरून बोट फिरवत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, “ती टाच कुणाची होती?”

“वायरीचाच दोष असेल.”

“वायर बदलली होती मी.”

“मग वारा.”

त्या माझ्याकडे बघत होत्या. हसल्या नाहीत. त्या मला हसताना दिसल्याच नाहीत कधी. पण म्हणाल्या, “गणितात मी तो भार धरलाय. कारण कळलं नाही म्हणून भार सोडून देता येत नाही.”

कापलेल्या तुळईचा एक तुकडा त्यांनी मला दिला. आता हे लिहितोय त्या कागदांवर तोच ठेवलाय. एरवी पंख्याने उडाले असते.

नवी तुळई बसली, बाल्कनी उघडली, आणि विश्वस्तांनी माझा सत्कार करायचं ठरवलं. मी आप्पांना गाठलं. “शाल नको,” म्हटलं. “एक काम करा. शेवटच्या रांगेतली कोपऱ्यातली खुर्ची आहे ना, तिचं तिकीट माझ्या प्रयोगाला कुणाला द्यायचं नाही. एखादी बाई येऊन मागेल. तिलाच द्यायचं.”

आप्पांनी पानाचा डबा उघडला, सावकाश चुना लावला.

“ते तिकीट मी कधी दुसऱ्या कुणाला दिलंयच कुठं, नाना,” ते म्हणाले. “पयल्यापासून.”

मग आम्ही दोघांनी पान खाल्लं.

पाचशेव्या प्रयोगाच्या त्या संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा प्रमिला माझ्याआधी पोचली होती. चहाचं आधण ठेवलेलं. केसांवर, कानामागे, चुरमुऱ्याचा एक दाणा अडकला होता. मी तो काढला नाही.

“थालीपीठ कसं झालं होतं?” मी विचारलं.

“बरं झालं होतं. तुमचा कसा झाला?”

“बरा झाला.”

“हसले का लोक?”

“हसले. कुणीतरी सुरुवात करून दिली.”

“हं,” ती म्हणाली, आणि चहात साखर घातली.